बर्डीत मिळणारा बॉक्सिंगचा पहिला सेट: ग्लोव्हज ठीक, बँडेज तोकडं

नागपूरच्या सीताबर्डीत खेळाच्या सामानाच्या दुकानात नवशिक्यापुढे सहसा एकच सेट ठेवला जातो: 12 औंसांचे रेक्झिनचे ग्लोव्हज आणि सोबत ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या 108 इंची सुती बँडेजची जोडी. पंचिंग बॅगवर सराव सुरू करायला ग्लोव्हज चालतील. बँडेज मात्र तिथेच बदलून 180 इंची घ्या, वरून पैसे द्यावे लागले तरी.

ग्लोव्ह घातला की हात सुरक्षित, हा समज किती खोटा आहे ते 6 एप्रिल 1893 च्या न्यू ऑर्लिन्समधल्या लढतीत दिसतं. अँडी बोवेन आणि जॅक बर्क 110 राउंड लढले. तीन मिनिटांचा राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती: 330 आणि 109 मिळून 439 मिनिटं, म्हणजे 7 तास 19 मिनिटं. ग्लोव्हज घालून झालेली ही सर्वांत लांब लढत पंचांना निकालाविनाच थांबवावी लागली. बर्कचे दोन्ही हात मोडले होते. ग्लोव्ह समोरच्याला फार फाटू-फुटू देत नाही. आपल्या तळहाताची बारीक हाडं एकत्र आवळून धरायचं काम बँडेजचं आहे.

त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतींचे आकडे वाचताना जपायला हवं. लंडन प्राइझ रिंगच्या नियमांत राउंड घड्याळावर चालत नसे. कोणी खाली पडला की राउंड संपला. मग 30 सेकंद विश्रांती आणि पुढच्या 8 सेकंदांत स्वतःच्या पायांनी मधल्या रेषेवर हजर. म्हणून 1855 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात जेम्स केली आणि जोनाथन स्मिथ 6 तास 15 मिनिटं लढले, तरी राउंड भरले फक्त 17, सरासरी 22 मिनिटांचा एक. उलट 1889 मध्ये जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्या लढतीचे 75 राउंड 2 तास 16 मिनिटांतच झाले. गुणांवर निकाल नसल्यामुळे एकजण उठेनासा होईपर्यंत थांबायचं नाही, आणि उघडी मूठ कवटीवर जोरात मारली तर मूठच आधी फुटते. त्यामुळे ठोसे जपून, कुस्तीसारखी पकड आणि आपटणं जास्त. वेळ लांबत जायची ती अशी.

आता सेटमधलं 108 इंची, म्हणजे पावणेतीन मीटरचं बँडेज. मोठ्या माणसाच्या हाताला ते अपुरं पडतं. मनगट आणि बोटांची मुळं गुंडाळून झाली की बोटांच्या फटी आणि अंगठ्याला ते नीट पुरत नाही. 180 इंचीत सगळं बसतं. अंगठ्यात फास अडकवा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्या, तीन वेढे. मग बोटांच्या मुळांशी असलेल्या गाठींवर तीन. मग करंगळीपासून सुरू करून प्रत्येक फटीतून एकदा, अंगठ्याला एक वेढा, उरलेलं पुन्हा गाठींवर आणि मनगटावर. गुंडाळताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत, नाहीतर मूठ वळताच पट्टी आवळते आणि बोटं बधिर होतात. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. नवशिक्यांचा करंगळीच्या बाजूने बसतो आणि तिथलंच हाड मोडतं.

ग्लोव्हजमधला खरा दोष फोम. गाठींच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहा. दाब आतल्या बोटांना स्पष्ट जाणवला तर तो जोड परत करा. वेल्क्रोची पट्टी मनगटाभोवती पूर्ण फिरायला हवी. स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीसाठी, हा सेट वापरूच नका, तिथे 16 औंसांचे लागतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी रेक्झिनचा जीव घेतात. एक, गाडीच्या डिक्कीत ठेवणं. वरचा थर कडक होऊन सुटतो. दुसरी, कूलरसमोर वाळवणं. कूलरची हवा ओली असते, आतला घाम वाळत नाही आणि अस्तर कुजायला लागतं. साध्या पंख्याखाली, तोंड उघडं करून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवा. बँडेज दर सरावानंतर धुवा.

माप बघताना दुकानातच 180 इंची बँडेज गुंडाळून मगच ग्लोव्ह घाला. मोकळ्या हाताला बरोबर बसलेला जोड बँडेजवर घट्ट होतो, आणि वापरलेला जोड दुकानदार बदलून देत नाही.