गेजचा काटा आणि वजनाचा काटा

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी 29 वर्षे काम केले. उसाची गाडी भरून आली की तिचे वजन करायचे, रिकामी होऊन परतली की पुन्हा करायचे, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. गणित एवढे साधे असूनही शेतकरी त्यावर सहजासहजी विश्वास ठेवत नसे. काटामारीचा संशय आला की लोक गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून आणत आणि मग आमच्याशी भांडायला उभे राहत. अशा ठिकाणी उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, सांगलीत विश्रामबागेतील आपल्या राहत्या घरी, न तोललेल्या मालाचे, म्हणजे एसीत भरल्याचे सांगितलेल्या गॅसचे, 4,200 रुपये मोजून दिले. हे लिहिताना लाज वाटते, परंतु त्या महिन्यात आमच्याच गल्लीत आणखी दोन घरी हाच प्रकार घडल्याचे नंतर कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असून पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब दुपारपासून तापत राहतात. आईचे वय 84 असल्यामुळे तिच्या खोलीत आम्ही 2021 मध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला होता. तीन उन्हाळे तो उत्तम चालला. चौथ्या उन्हाळ्यात मात्र दुपारी दोनच्या सुमारास वारा येई, गारवा येत नसे. कंपनीच्या सेवा केंद्राने पाच दिवसांनंतरची वेळ दिली. आईची तगमग बघवत नव्हती, म्हणून मोबाईलवर शोधून जो पहिला क्रमांक दिसला त्यावर फोन केला. तासाभरात एक तरुण मेकॅनिक आला. बोलणे अदबीचे, दर वाक्याला ‘काका’. त्याने आतल्या युनिटच्या जाळ्या काढून धुतल्या, मग गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटच्या जाड पाईपला गॅसचा दाब दाखवणारा गेज लावला आणि एसी चालू ठेवून मला जवळ बोलावले. गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली येत शून्याला टेकला.

“काका, गॅस संपलाय. असाच चालवलात तर कॉम्प्रेसर जाईल, मग पंधरा-वीस हजारांना मुकाल.”

पुण्यातील मुलाला दाखवावे म्हणून मी त्या गेजचे छायाचित्र मोबाईलवर काढले. मेकॅनिकने पिशवीतून एक लहान सिलिंडर काढून नळी जोडली, दहा मिनिटे काहीबाही केले आणि काटा पुन्हा वर चढलेला दाखवला. खोली खरोखरच गार झाली. पावती म्हणून कोऱ्या कागदावर ‘गॅस फुल’ एवढेच लिहून दिले. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, जीएसटी क्रमांक नव्हता, गॅसचा प्रकार नव्हता आणि वजन तर नव्हतेच.

आठ-दहा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी अवस्था झाली. तोच मेकॅनिक परत आला आणि आतली कॉईल, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांचे वेटोळे, गळत असल्याने ती बदलावी लागेल, असे सांगून त्याने 9,500 रुपयांचा अंदाज दिला. मी पैसे दिलेही असते. पण शेजारच्यांचे मिरजेतील एक नातेवाईक आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले आहेत, आणि शेजारीणबाईंनी हट्टच धरला की सरांना विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सरांनी आधी एसीला हात लावला नाही. त्यांनी मोबाईलवरचे छायाचित्र मागून घेतले, ते मोठे करून पाहिले आणि माझ्यासमोर धरले. जाड पाईपच्या गेजकडे मी पाहत राहिलो होतो, पण त्याच्या शेजारी, बारीक पाईपच्या व्हॉल्व्हमध्ये तो उघडण्या-मिटण्याची षट्कोनी किल्ली, अ‍ॅलन की, तशीच खोचलेली होती. एसी चालू असताना तो बारीक पाईपचा व्हॉल्व्ह बंद केला की आत जाणारा द्रव तेथेच अडतो, कॉम्प्रेसर आतल्या कॉईलमधला उरलासुरला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि जाड पाईपवरचा दाब मिनिटा-दोन मिनिटांत शून्यावर येतो. एसी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा असेल तेव्हा गॅस वाया जाऊ नये म्हणून चांगले मेकॅनिक हेच करतात आणि त्याला पंप डाऊन म्हणतात. माझ्याकडे मात्र त्याचा तमाशा झाला. गॅस संपलेला नव्हता, तो दोन फुटांवर बाहेरच्या कॉईलमध्ये कोंडलेला होता; व्हॉल्व्ह उघडताच काटा वर गेला आणि त्या चढत्या काट्याचे मी पैसे दिले.

मग सरांनी मला जे समजावले ते खरे तर एसी विकत घेतानाच कोणीतरी सांगायला हवे होते. एसीतील गॅस हे पेट्रोल नव्हे. एसी चालताना तो जाळला जात नाही आणि वापरून संपतही नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. बाहेरच्या कॉईलमध्ये तो आपली उष्णता हवेला देऊन द्रव होतो. पुढे अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम घटतो आणि तो थंडगार होतो. आतल्या कॉईलमध्ये खोलीतील उष्णता घेऊन त्याची पुन्हा वाफ होते आणि फेरा पुढे चालू राहतो. सगळा मार्ग बंद असतो. फ्रीजमध्येही हेच चालते. आमचा जुना फ्रीज वीस वर्षे चालला आणि त्यात एकदाही गॅस भरावा लागला नाही, तेव्हा एसीत दर उन्हाळ्याला तो का भरावा लागेल, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. गॅस कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

तरीही संशय राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सर गॅस काढून घेण्याचे यंत्र, व्हॅक्यूम पंप आणि डिजिटल वजनकाटा घेऊन आले. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आर-32 आणि वजन 800 ग्रॅम छापलेले आहे. तीन वर्षे ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती एकदाही वाचली नव्हती. सरांनी सगळा गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला. तो भरला 785 ग्रॅम. नळ्यांमध्ये थोडा राहतोच, असे ते म्हणाले. याचा अर्थ गळती नव्हती, आणि त्या तरुणाने एक ग्रॅमही घातलेला नव्हता, कारण न तोलता केवळ पंधरा ग्रॅमच्या फरकाने कोणी गॅस भरू शकत नाही. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत कमी-जास्त होतो आणि त्याबरोबर दाबही बदलतो, त्यामुळे चालू एसीवरच्या गेजच्या एका आकड्यावरून गॅस पुरेसा आहे की नाही हे ठरवता येत नाही. एवढे मात्र पाहता येते की एसी अर्धा तास बंद ठेवला आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असले, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात आर-32 चा दाब अडीचशे पीएसआयच्या (गेजवरचे दाबाचे एकक) वर दिसतो; बंद एसीतही काटा शून्यावर असेल तरच गॅस पूर्ण गेला असे म्हणावे. थोडा गॅस गेला असेल तर मात्र बंद एसीचा दाब ते सांगत नाही. ते सांगतो वजनकाटाच.

आता मूळ बिघाडाविषयी. तो माझाच होता. कबुतरांच्या त्रासाने कंटाळून मी जानेवारीत बाहेरच्या युनिटला चारही बाजूंनी बारीक जाळी बांधली होती. त्या जाळीला धूळ आणि पिसे लागून ती गोधडीसारखी झाली होती; युनिटने फेकलेली गरम हवा बाहेर न जाता फिरून पुन्हा कॉईलवर येत होती. बाहेर उष्णता टाकता आली नाही तर आत गारवा येणार कोठून? इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करी, आणि आईच्या खोलीत नुसता वारा येई. मेकॅनिकने गेज लावण्यासाठी जाळी सोडून बाजूला ठेवली होती, म्हणून त्या दिवशी खोली गार झाली. आठवड्याने ती पुन्हा नीट बांधली कोणी, तर मी. सरांनी जाळी काढायला लावली, कॉईल साध्या पाण्याने धुतली, पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढून (व्हॅक्यूम करून) 800 ग्रॅम गॅस तोलून भरला. नंतर आतल्या युनिटमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजले. फरक 12 अंश आला. पाईपच्या जोडांवर तेलाचे डाग किंवा बारीक पाईपवर बर्फ नाही, हेही त्यांनी दाखवले, कारण खरी गळती असली की अशाच खुणा दिसतात. मग साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन जागा शोधावी, ती बुजवावी, आणि त्यानंतरच गॅस भरावा. आर-32 थोडा ज्वलनशील असल्यामुळे तो खोलीत किंवा गच्चीवर सोडून देणाऱ्या माणसाला तर दारातच उभे करू नये, असे ते जरा रागानेच म्हणाले. त्यांनी माझ्याकडून 1,500 रुपये घेतले आणि तेही बळेच दिले तेव्हा.

पैसे परत मागण्यासाठी मी त्या क्रमांकावर फोन केले. दोनदा उचलला, पुढे उचलला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे तेव्हा समजले. पण कोणाविरुद्ध दाद मागायची, हाच प्रश्न उभा राहिला. कागदावर नाव नाही, आणि यूपीआयने पैसे गेले ते वेगळ्याच नावाच्या खात्यावर. व्यवहाराचा क्रमांक आणि ते छायाचित्र जपून ठेवले आहे.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच क्रमांकावरून संदेश आला: ‘उन्हाळ्यापूर्वी गॅस तपासणी फक्त 199 रुपयांत.’ मी उत्तर पाठवले की जरूर या, मात्र गॅस काढून घेण्याचे यंत्र आणि वजनकाटा बरोबर आणा, तोलणारा माणूस घरात आहे. संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. अद्याप कोणी आलेले नाही.