विसार आधी दिला, नळी नंतर मोजली

नागपुरात राहून मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करू पाहणाऱ्या माणसाला स्वतःची बंदूक मिळवणे किती अवघड जाते, हे या खेळातल्यांना ठाऊक आहे. परदेशी बनावटीची स्पर्धेची बंदूक आयात करण्याची मुभा सर्वसाधारण परवानाधारकाला नसते. ती ठरावीक पात्रता गाठलेल्या नेमबाजांनाच मिळते. त्यामुळे बाकीच्यांची नजर एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या जुन्या बंदुकांकडे वळते. विदर्भात अशा बंदुका बऱ्याच आहेत, कारण मालगुजारांच्या वाड्यांत शिकारीसाठी घेतलेल्या विलायती दुनळ्या शिकार बंद झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. याच परिस्थितीचा आधार घेऊन एका गृहस्थाने माझे सत्तर हजार रुपये बुडवले. माझ्यासारखा दुसरा कोणी त्याच वाटेने जाऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

२००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्या टिपण्याच्या प्रकारात, रौप्यपदक जिंकले, तेव्हापासून हा खेळ माझ्या मनात होता. प्रत्यक्ष सुरुवात मात्र पंचेचाळिशीत झाली. दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर दोन वेळा उसन्या बंदुकीने ट्रॅपच्या, म्हणजे समोरच्या खंदकातून दूर उडणारी एकेक तबकडी टिपण्याच्या प्रकारातल्या, पंचवीस-पंचवीस तबकड्यांच्या फेऱ्या मारल्या, परवाना रीतसर मिळवला आणि मग बारा बोअरच्या बंदुकीचा शोध सुरू केला. शोध कसला, जो भेटेल त्याला विचारत सुटलो होतो आणि ही घाई विक्रेत्याच्या कानावर माझ्याआधीच पोहोचली होती.

ओळखीच्या एका माणसाने मला त्या गृहस्थाच्या घरी नेले. त्यांनी मखमली अस्तराच्या पेटीतून शेजारी-शेजारी नळ्यांची विलायती दुनळी काढली, उघडून रिकामी असल्याचे दाखवले आणि माझ्या हातात दिली. "साहेब, ही ट्रॅपसाठीच बनलेली आहे, खांद्याला लावून पाहा, फुलासारखी हलकी आहे," हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात. बंदूक खरोखर हलकी होती, जेमतेम पावणेतीन किलोची. दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड इतके सुंदर होते की माझी नजर तिथेच खिळली. नळ्या पंचवीस इंची होत्या. इतक्या आखूड कशा, असे मी विचारलेही, परंतु इंग्लंडमध्ये रॉबर्ट चर्चिल यांनी पंचवीस इंची नळ्यांची पद्धत रूढ केली होती, असे उत्तर लगेच आले. ते खरे आहे आणि म्हणूनच मी फसलो. या बंदुकीवर नाव दुसऱ्याच कारखानदाराचे होते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

ज्या हलकेपणावर मी भाळलो, तोच खरे तर नकाराला पुरेसा होता. ट्रॅपच्या बंदुका साधारण साडेतीन ते चार किलोच्या, खाली-वर नळ्यांच्या आणि बहुधा तीस किंवा बत्तीस इंची नळीच्या असतात. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात. हलक्या बंदुकीचा धक्का तेवढ्या वेळा खांद्याने सोसणे कठीण असते आणि आखूड, हलकी नळी तबकडीमागे वळताना मध्येच थबकते. शिवाय खंदकातून सुटलेली तबकडी वर चढत जाते, म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता गालापाशी उंच ठेवलेला असतो आणि छर्रे नेमापेक्षा किंचित वर पडतात. शिकारीच्या दुनळीचा दस्ता खाली झुकलेला असतो. त्या संध्याकाळी माझा गाल लाकडावर टेकताच मला समोर नळ्यांची पट्टी दिसण्याऐवजी बंदुकीचा मागचा भाग दिसत होता. "सवयीने जमेल," असे म्हणून त्यांनी माझे समाधान केले.

सौदा एक लाख नव्वद हजारांना ठरला. सत्तर हजार विसार म्हणून मी तिथेच दिले आणि साध्या कागदावर पावती घेतली, जिच्यावर बंदुकीचा क्रमांकसुद्धा नव्हता. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खासगी वापराचे शस्त्र विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र देता येत नाही. हे पत्र आपण दिल्याचे त्यांनी मला सांगितले. महिनाभराने मी त्याची पोच मागितली, तेव्हा उद्या देतो, परवा देतो असे सुरू झाले आणि मी स्वतः ठाण्यात चौकशी केल्यावर असे पत्र आलेलेच नसल्याचे कळले.

तेव्हा कुठे मी जागा झालो. एका ज्येष्ठ नेमबाजाच्या सल्ल्याने मी आग्रह धरला की, बंदूक परवानाधारक दुकानातल्या जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय उरलेली रक्कम मिळणार नाही. नाइलाजाने ते स्वतः बंदूक घेऊन आले.

कारागिराने दस्त्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी नळ्या वेगळ्या केल्या, तोंडाकडून उजेडात धरल्या आणि माझे बोट दोन्ही नळ्यांच्या मधल्या जागेवर ठेवले. मूळ लांबीच्या दुनळीत नळ्या तोंडापाशी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. इथे दोन नळ्यांमध्ये फट होती आणि तिच्यात कथील भरून वरून काळा रंग दिलेला होता. नख लावताच रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरा धातू चमकला. नळ्या कापलेल्या होत्या. चोक, म्हणजे छर्रे एकवटून ठेवणारा नळीचा निमुळता भाग, शेवटच्या काही इंचांतच असतो; तो कापलेल्या तुकड्याबरोबर गेला होता. फुल चोकच्या नळीचे तोंड आतल्या व्यासापेक्षा सुमारे एक मिलिमीटर अरुंद असते. इथे मापकाने आत आणि तोंडाशी एकच आकडा दाखवला.

याचा अर्थ त्यांनी मला कागदावर समजावून सांगितला. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात फुल चोक साधारण ७० टक्के छर्रे टाकते, चोक नसलेली नळी ४० टक्के. चोवीस ग्रॅमच्या काडतुसात बारीक छर्रे सुमारे तीनशे धरले, तर दोनशे दहाच्या जागी एकशेवीसच उरतात. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर असला तरी ट्रॅपमध्ये ती बहुतेक वेळा कडेने दिसते. इतक्या विरळ छर्ऱ्यांतून ती अखंड निसटते. मी मात्र वर्षभर स्वतःच्या नेमालाच दोष देत राहिलो असतो.

त्याहून गंभीर गोष्ट नळ्यांच्या बुडाशी होती. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या शिक्क्यांजवळ २½ इंच असे चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाचे, माप कोरलेले होते, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. आज स्पर्धेत सर्रास वापरले जाणारे काडतूस ७० मिलिमीटरचे असते. ते माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे असल्याने न उडवलेले काडतूस आखूड चेंबरमध्येही अलगद बसते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. बार उडताच मात्र उघडणाऱ्या तोंडाला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जुन्या, आतून खड्डे पडलेल्या नळीत तो दाब माझ्या डाव्या पंजाशेजारी निर्माण झाला असता. हा विचार मनात आला की आजही हात थंड पडतात.

पुढच्या लाकडाखालचा क्रमांक नळ्यांच्या क्रमांकाशी जुळत नाही, एवढे कारागीर म्हणाले आणि विक्रेत्याने बंदूक पेटीत भरून दुकान सोडले. त्यानंतर विसार परत मिळणार नाही असा एकच निरोप आला व फोन बंद झाला. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा कलम ६ चा भंग आहे. ती त्यांनीच कापली की आधीच्या कोणी, हे तपासात ठरेल. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आणि बंदुकीविषयी स्वतंत्रपणे, असे दोन लेखी अर्ज मी दिले आहेत. सध्या मी पुन्हा दिल्लीला जाऊन उसन्या बंदुकीवर सराव करतो आणि दस्त्याची लांबी, गालाची उंची व बाक यांची माझी मापे लिहून ठेवली आहेत.

ती बंदूक अजून विक्रीसाठी फिरत असण्याची शक्यता आहे, म्हणून तिच्या खुणा देतो. बारा बोअर, शेजारी-शेजारी पंचवीस इंची नळ्या, लाल मखमलीची पेटी, दस्त्याच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढा गडद डाग, नळीच्या तोंडावरचा नेम धरण्याचा पितळी मणी किंचित डावीकडे बसवलेला आणि त्याच्या अगदी खाली, दोन नळ्यांच्या मध्ये, कथिलावरचा रंग नखाएवढा निघालेला. तो पुन्हा लावला गेला असेल, तर तिथेच नख लावून पाहा.