गवंडी, प्लंबर, वायरमन वेगवेगळे लावले: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (आणि ते वाटीभर पाणी)

काल परत बाथरूममध्ये वायपर मारताना डोकं फिरलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. घर कोल्हापुरात, साने गुरुजी वसाहतीच्या पुढं, जुनं बांधकाम, टेरेस गळत होतं आणि बाथरूमची शहाबादी फरशी उखडली होती. फेब्रुवारीत काम काढलं, मे संपता संपता आवरलं, त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला त्यामुळं आता बोलायला हरकत नाही. एकाच कॉन्ट्रॅक्टरला मटेरियलसकट दिलं असतं तर डोक्याला ताप नव्हता असं सगळे म्हणतात, पण त्याचं कोटेशन बघून मी तिथंच चहा सोडून उठलो. मग गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा, वायरमन वेगळा, रंगारी वेगळा. पैसे वाचले, ते खरं आहे.

पण ते पाणी. बाथरूम साडेचार बाय सात. आंघोळ झाली की दाराच्या उजव्या कोपऱ्यात वाटीभर पाणी थांबतं. जास्त नाही, वाटीभरच. बायको म्हणते पुसून टाक आणि गप बस, आई म्हणते आमच्या वेळी न्हाणीत शेवाळ असायचं, कोण मेलं नाही. मिस्त्रींना, म्हणजे गवंड्याला, बोलावून दाखवलं तर त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, बरंचसं गेलं, उरलेल्याकडं बघून म्हणाले, "सर, एवढं ऱ्हातंयच की. पंखा लावा, वाळतंय." बाथरूममध्ये पंखा! नवीन टाईलचे पैसे मोजून वर पंखा.

मग मी खोलात शिरलो. गवंडी लोकांचा साधा हिशोब असतो, फुटाला निदान एक सूत ढाळ. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे सात फुटाला जवळजवळ इंचभर उतार पाहिजे. माझ्याकडं लेव्हल नळी लावून बघितली तर त्या कोपऱ्यापासून पाणी जायच्या जाळीपर्यंत जेमतेम दोन सूत! का, तर प्लंबरनं न्हाणी ट्रॅप (जाळीखालचं भांडं, त्यात पाणी साठून वास अडतो) बसवला तेव्हा टाईल घरात आलेलीच नव्हती, त्यानं जुन्या शहाबादीची जाडी धरून जाळीची उंची ठेवली आणि आली ती नऊ-दहा एमएमची पातळ टाईल. जाळी राहिली वर. मिस्त्रींनी मग खाली माल जास्त भरून फरशी जाळीला मिळवली, पण दाराचा उंबरा तर आहे तिथंच आहे, त्याच्या वर फरशी नेता येत नाही, मग मधल्या मधी उतार खाल्ला गेला. त्यात टाईल दोन बाय दोनची. एक बाय एकची असती तर चारी बाजूंनी जाळीकडं ढाळ काढता येतो, मोठ्या टाईलला एकाच बाजूला उतार द्यावा लागतो नाहीतर तिरकी कापून बसवावी लागते. शोरूमवाल्यानं "सांधे कमी, घाण कमी" म्हणून तीच पुढं केली, ते त्याचं कामच आहे. पण मिस्त्रींनी स्वतः टेम्पोतनं बॉक्स उतरवून घेतले होते, तेव्हाच एक शब्द बोलायला काय झालं होतं?

विचारलं तर म्हणाले, "ट्रॅप प्लंबरनं बसवलाय, त्याला विचारा." प्लंबरला विचारलं तर, "काका, मी लेव्हल भिंतीवर मारून दिली होती, मिस्त्रींनी बघायला पाहिजे होतं." भिंतीवरची ती रेघ गिलाव्याखाली गेली. आता कोण खरं ते देवाला ठाऊक. वेगवेगळी माणसं लावली की असंच होतं, दोन कामांच्या मधली जागा कुणाचीच नसते.

प्लंबर म्हणून पोरगं मात्र हुशार. गरम पाण्याला सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणारे प्लॅस्टिकचे) पाइप, भिंत बुजवायच्या आधी पंपानं प्रेशर देऊन रात्रभर ठेवलं, सकाळी काटा जागचा हललेला नव्हता. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम राहतंय, त्यामुळं वास नाही, झुरळं नाहीत. फक्त पोरगं पेठेतलं. शाहू स्टेडियमवर त्यांच्या पेठेची फुटबॉल मॅच असली की फोन बंद, हरले तर दुसऱ्या दिवशी पण बंद. एकदा कमोड अर्धवट बसवून गेला, मी संतापून फोनवर फोन, शेवटी मित्रानं सांगितलं आज सेमी फायनल आहे, कशाला वाट बघतोस. त्यात चैत्रात जोतिबाची यात्रा आली, बिगारी सगळे गुलाल घेऊन डोंगरावर. त्याला माझी हरकत नाही, पण आदल्या दिवशी माल कालवून ठेवू नये एवढी अक्कल पाहिजे, वाळून दगड झाला.

जूनच्या आधी लिहिलं असतं तर इथपर्यंतच्या अनुभवावर मिस्त्रींना पाचापैकी दोन देणार होतो. आता बदलतो. कारण टेरेस.

जुलैमध्ये सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे बघत होते, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि मी बेडरूमच्या छताकडं बघत होतो. डाग वाढला नाही. एक थेंब नाही, ओल नाही. मिस्त्रींनी जुना कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) स्लॅबपर्यंत फोडून काढला होता, सिमेंटची स्लरी मारली, विटांचे तुकडे आधी भिजवून घेतले, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मालात मापानं घातलं (मी शेजारी उभा होतो), पॅरापेटला (कठड्याला) सगळीकडनं बुडाशी गोल वाटा, म्हणजे सांध्यात मालाची गोलाई, काढला, वर दोरीनं चौकोन पाडले. मग मालाची आळी (छोटे बांध) करून पाणी कोंडून ठेवलं आठवडाभर. आणि ढाळ काय दिलाय! पाऊस थांबला की थोड्या वेळात अख्खं टेरेस कोरडं, सगळं पाणी पाइपाकडं. म्हणजे ज्या माणसाला टेरेसवर ढाळ कळतो त्याच माणसाला खाली बत्तीस स्क्वेअर फुटात जमत नाही? हेच मला जास्त टोचतं. न येणारा असता तर सोडून दिलं असतं.

आणि गंमत म्हणजे टेरेस उक्तं दिलं होतं, स्क्वेअर फुटावर, आणि बाथरूम हजेरीवर, म्हणजे रोजच्या मजुरीवर. उक्त्यात घाईनं उरकतात आणि हजेरीवर निवांत चांगलं करतात असं ऐकलं होतं, इथं नेमकं उलटं. हजेरीवर निवांत मात्र केलं, त्यात वाद नाही.

वायरमनबद्दल तक्रार काहीच नाही, त्यामुळं लिहायला पण काही नाही. गीझरला चार एमएमची वायर आणि तीस मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) न सांगता सुचवला, बिल दिलं, गेला. रंगारी ठीक, पुट्टी घासायचा कंटाळा, लाइट लावल्यावर भिंतीवर लाटा दिसतात. आमचे पाहुणे शाहूपुरीत असतात, त्यांनी पुरानंतर रंगाऱ्यासाठी काय हाल काढलेत ते ऐकल्यापासून मी रंगाऱ्याला काही बोलत नाही.

मिस्त्रींचे दोन हजार मी अजून धरून ठेवलेत. त्यांनी मागितले नाहीत, मी दिले नाहीत, रस्त्यात भेटलो की दोघं पावसाबद्दल बोलतो. मागच्या आठवड्यात मात्र स्वतःहून आले, खाली बसले, त्या कोपऱ्यात गोटी सोडली, ती तिथंच थांबली. बराच वेळ बघून म्हणाले, "दिवाळी झाली की दोन टाईल काढतो, जाळी खाली घेतो. मजुरी नको." टाईल त्याच बॅचच्या जादा आणून ठेवल्यात म्हणून बरं, नंतर आणायला गेलं तर तोच नंबर असून शेड वेगळी येते. पण ट्रॅप खाली घ्यायचा म्हणजे परत प्लंबर. मी सांगितलंय, दोघं एकाच वेळी समोरासमोर आल्याशिवाय छन्नी लावायची नाही.

तोपर्यंत मिस्त्रींना साडेतीन, टेरेस असेल तर डोळे झाकून द्या. प्लंबरला चार. नंबर पाहिजे असेल तर दोघांचाही देतो, मॅचचं वेळापत्रक तेवढं तुमचं तुम्ही बघा.