समास न कापणारा बाइंडर

इंदुरात जुन्या पुस्तकाची बांधणी कुठे चांगली होते, असं कुणी विचारलं तर मी आता एकच जागा सांगते. राजवाड्यामागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून वर, एवढीशी खोली. आत लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे आणि खळीचा वास. पाटी नाही. मलाही पत्ता महाराष्ट्र साहित्य सभेत भेटलेल्या एका बाईंनी दिला.

पुस्तक माझ्या आजोबांचं. आजोबा महूच्या छावणीत कारकून होते. तिथल्याच एका लिलावात त्यांनी लॉर्ड किचनर या ब्रिटिश सेनानीचं जाडजूड इंग्रजी चरित्र घेतलं आणि पुढची वीसेक वर्षं ते पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याकडे आलं तेव्हा पाठ निघालेली, पहिले दोन फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) सुटे, कडांना कसर लागलेली. पण जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात आजोबांचं बारीक पेन्सिलीचं अक्षर. आजोबा त्या पुस्तकाशी बोलत, भांडत, मध्येच हिशेबही मांडत.

आधी मी दुसऱ्या दोन दुकानांत गेले होते. एकाने न उघडताच सांगितलं, तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, नव्यासारखं दिसेल. दुसरा म्हणाला, झेरॉक्स काढून स्पायरल करा. इथल्या काकांनी पुस्तक मांडीवर घेतलं, मधलं एक पान उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “ताई, हे लिखाण कुणाचं?”

“आजोबांचं.”

“मग कटिंग नाही मारायचं. कडा खडबडीत राहतील. चालेल ना?”

माझ्या लेखी काम तिथेच पक्कं झालं. तो समास का महत्त्वाचा, ते सांगायचं तर किचनरबद्दल सांगावंच लागेल.

माझे पणजोबा साताऱ्याकडचे. १९०१ मध्ये ते बॉम्बेच्या दहाव्या पलटणीत भरती झाले. १९०२ च्या नोव्हेंबरात किचनर हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून आला. सुदानात ओमदुर्मान जिंकलेला, दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांशी झालेलं बोअर युद्ध संपवून आलेला, मूळचा रॉयल इंजिनिअर्सचा माणूस, म्हणजे मोजणी आणि नकाशे हा त्याचा पिंड. त्याने देशभरच्या पलटणींना सलग आकडे दिले. बॉम्बेवाल्यांच्या जुन्या आकड्यांत सरळ शंभर मिळवले. १९०३ मध्ये पणजोबांची दहावी पलटण ११०वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. त्या परिच्छेदाशेजारी आजोबांनी लिहिलंय, “१० चे ११० झाले. माणसे तीच, भाकरी तीच.” ही ओळ पानाच्या अगदी कडेला आहे. अर्धा इंच कटिंग मारलं असतं तर “भाकरी” गेली असती.

पुढे त्याने फौजेच्या नऊ डिव्हिजन केल्या. पाचवी महूची, सहावी पुण्याची. “महू” या शब्दाखाली आजोबांनी दोनदा रेघ ओढली आहे, ते रोज त्याच छावणीत कामाला जात. १९०५ मध्ये त्याने देवळालीला स्टाफ कॉलेज काढलं, ते दोन वर्षांत क्वेट्याला गेलं. सैन्याच्या कारभारावर व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला वेगळा लष्करी सदस्य देखरेख ठेवी, ते त्याला नको होतं. सगळं एका हातात हवं म्हणून तो हटून बसला. लंडनने त्याची बाजू उचलली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. बंगालची फाळणी करणारा कर्झन गेला म्हणून आजोबांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी लिहिलंय, “एक गेला, दुसरा मोठा झाला. आमचे काय?”

बोअर युद्धाच्या प्रकरणात त्यांनी फार लिहिलेलं नाही. किचनरने शेतं-घरं जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. त्या छावण्यांत २६ हजारांहून अधिक बोअर माणसं मेली, त्यांत बहुतेक मुलंच. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या आणि तिथेही हजारो मेले. त्या पानावर आजोबांचा एकच शब्द आहे, “मुले”, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर वळ उठलाय. काकांनी त्या वळावरून बोट फिरवलं आणि हे पान शिकंज्यात फार दाबायचं नाही, असं स्वतःशीच म्हणाले.

हाच माणूस ५ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. इजिप्तला परत जायला निघालेल्या किचनरला डोव्हर बंदरावरून माघारी बोलावलं होतं. लढाई नाताळपर्यंत संपेल असं लोक म्हणत होते. निदान तीन वर्षं चालेल आणि लाखांची फौज लागेल, असं त्याने मंत्रिमंडळाला पहिल्यापासून सांगितलं. बोट रोखलेला त्याचा चेहरा भरतीच्या जाहिरातींतून भिंतीभिंतींवर लागला आणि सक्तीची भरती येईपर्यंत सुमारे २५ लाख माणसं आपणहून दाखल झाली. हे त्याचं मोठेपण मला नाकारता येत नाही. पण हिंदुस्थानात सगळं एका हातात धरायची जी सवय लागली, तीच तिथे नडली. तोफगोळे पुरेनात, १९१५ मध्ये दारूगोळ्याचं खातं काढून लॉइड जॉर्ज या दुसऱ्या मंत्र्याकडे दिलं गेलं. वर्षअखेरीला लढाईचे डावपेच ठरवायचा अधिकारही इंपीरियल जनरल स्टाफच्या प्रमुखाकडे गेला. नावाला मंत्री तो, पण कारभार हातातून सुटत चाललेला.

आणि त्याच हिवाळ्यात माझे पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले होते. सहावी डिव्हिजन, पुण्याची. डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खाल्ली. बरेच हिंदी शिपाई धर्मापायी ते मांस खात नव्हते आणि खंगत होते. एप्रिलमध्ये लंडनहून गुपचूप प्रस्ताव गेला की वेढ्यातल्या फौजेला सोडा, दहा लाख पौंड देतो. पुढे वीस लाखांपर्यंत बोली चढली. तुर्कांनी नाकारली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले.

या पानावर आजोबांनी गणित मांडलंय. वीस लाख भागिले तेरा हजार. उत्तर दीडशेच्या वर आलंय. त्याखाली लिहिलंय, “तीर्थरूपांचा भाव.”

हे गणित आतल्या समासात आहे, शिवणीच्या बाजूला. बाजूने भोकं पाडून दोरा ओढला असता, जसं हल्ली सगळीकडे करतात, तर आकडे दोऱ्याखाली गेले असते. काकांनी म्हणून जुझबंदी केली. प्रत्येक फर्मा वेगळा, घडीतून शिवलेला, त्यामुळे पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि गणित पूर्ण दिसतं. फाटलेल्या घड्यांना आतून पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या. खळ मैद्याची, त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद. पाठीला गर्द निळं कापड. मी रेक्झिन सुचवलं तेव्हा ते म्हणाले, “रेक्झिन दहा वर्षांत सोलतं, ताई.”

पणजोबा १९१९ मध्ये परत आले. किचनर आला नाही. ५ जून १९१६ ला, कुत पडून सव्वा महिनाही झाला नव्हता, रशियाला निघालेली त्याची युद्धनौका ऑर्क्नी बेटांजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. शेकडो खलाशांसह तोही गेला, फक्त १२ जण वाचले. त्या पानाचा समास कोरा आहे. अख्ख्या पुस्तकात आजोबा एवढ्याच मोठ्या घटनेवर काही बोलले नाहीत.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून सव्वीस दिवस लागले. ऑगस्टचा पाऊस, खळ वाळत नाही, हे कारण मला पटलं. पण निदान फोन करायला हवा होता, दोन फेऱ्या फुकट गेल्या. दुसरं म्हणजे सुदानचा घडीचा नकाशा मुळाशी थोडा जास्त चिकटलाय. खार्टूमच्या खालचा भाग उघडताना कागद ताणला जातो. दाखवल्यावर काकांनी वाफ देऊन सोडवून देतो म्हटलं, पण मला पुन्हा ओलावा नको होता. नकाशे असलेलं पुस्तक देणार असाल तर आधीच निक्षून सांगा. पाठीवरची सोनेरी अक्षरं मात्र सुरेख आली. वर “लॉर्ड किचनर”, खाली, माझ्या सांगण्यावरून, आजोबांची आद्याक्षरं. चरित्र कुणाचंही असो, त्या प्रतीवर आजोबांचाही हक्क आहे.

साडेनऊशे रुपये झाले, चारशे आगाऊ. जुझबंदीच्या मानाने हे कमीच वाटलं. रविवारी बंद, सकाळी अकरानंतर जा, आणि देण्यापूर्वी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. काकांवर भरवसा नाही म्हणून नव्हे. आपण दिलेल्या वस्तूत काय काय होतं ते आपल्याला नीट ठाऊक असावं.

काल मी पणजोबांचं पगारपत्रक घेऊन पुन्हा वर गेले. घड्यांवर तुटलेलं, चार तुकडे. काकांनी ते हातातही घेतलं नाही, टेबलावरच राहू दिलं आणि म्हणाले, हे शिवायचं नाही, याला पेटी करू. मंगळवारी बोलावलंय.