पॅथॉलॉजी लॅब की संशोधनाची लॅब? एमबीबीएसआधी नागपुरात काय निवडावं

आधी कटू गोष्ट. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर ठरतो. लॅबमध्ये घालवलेल्या महिन्यांचा त्यात अर्धा गुणही मिळत नाही. त्यामुळे क्लास बुडवून लॅब नको. मे महिन्यात नीट झाली की कॉलेज सुरू होईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो, त्याचं काय करायचं एवढाच प्रश्न. बीएस्सी करत पुन्हा नीट देणाऱ्यांनी सुट्ट्या धराव्यात.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिरणं तुलनेने सोपं. धंतोली-रामदासपेठ भागात डॉक्टरांची गर्दी, त्यामुळे लॅबही पुष्कळ. घरच्यांच्या ओळखीवर काम होऊन जातं. सुरुवातीला नुसतं बघायचं, पण बघण्यासारखं खूप असतं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच, म्हणून सोल्युबिलिटी टेस्ट हमखास बघायला मिळेल. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळी रेघोट्यांच्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात हरवल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक (ज्याच्यात दोष आहे पण स्वतः आजारी नाही तो) आणि रुग्ण, दोघांच्याही नळीत रेघा हरवतात! फरक कळतो तो पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांत. एकाच चाचणीवर माणसाला आजारी ठरवू नये, हे इथे आपोआप शिकता येतं. उणीव एकच: प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो, तुम्ही फक्त उत्तर काढता.

संशोधनाच्या लॅबमध्ये उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत, मिहानला एम्स आहे. कोविडमध्ये मीठ-पाण्याच्या गुळण्यांतून आरटीपीसीआरचा नमुना घ्यायची पद्धत नीरीनेच काढली. पण बारावी झालेल्या पोराला असं दार चटकन उघडत नाही. कॉलेजचं पत्र लागतं, मंजुरी लागते, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टवाले आधीच रांगेत असतात. आत गेल्यावरही पहिले काही आठवडे मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) हाताळायला शिकण्यात आणि त्याच्या टिप्सचे डबे भरण्यात जातात. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे ज्या नमुन्यात काहीच दिसायला नको त्यात, डीएनएचा पट्टा दिसला की अख्ख्या दिवसाचं काम पाण्यात. महिनाभरात इथून काही हाती लागेल ही आशा सोडा. सहा महिने, वर्ष देता येत असेल तरच जा.

माझं मत विचाराल तर नीटवाल्यांनी तीन-चार आठवडे पॅथॉलॉजीत काढावेत. संशोधनाची घाई नको, कारण आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे आणि ती एमबीबीएसला गेल्यावरच मिळते.

अमेरिकेत मेडिकलला जायचं असेल तर हे सगळं उलटं. तिथे आधी पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, आणि अर्जात संशोधनाचा अनुभव वजनदार ठरतो. एकाच गाईडकडे टिकून केलेलं काम आणि त्यांचं शिफारसपत्र चार ठिकाणच्या हजेरी-सर्टिफिकेटांपेक्षा मोलाचं. मात्र तिथली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि जी घेतात त्यांतली अनेक तिथलंच पदवी शिक्षण मागतात. खिशाचा हिशेब आधी करा. पैसे भरून महिनाभराची ‘रिसर्च इंटर्नशिप’ विकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका.

पॅथॉलॉजी ठरली तर लसीकरणाचं जुनं कार्ड शोधा. रक्ताशी काम म्हणजे हिपॅटायटिस बीची लस हवीच. झालेली नसेल तर तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणून बारावीच्या सुरुवातीलाच पहिला घेऊन ठेवा.