रोबोटिक सर्जरीत कॅमेऱ्याची काच: थर्मास, अँटी-फॉग की वॉर्मर?

कन्सोलवरून (रोबोट चालवायच्या जागेवरून) सर्जन म्हणतात, "कॅमेरा साफ करा." टेबलाशी उभा असलेला असिस्टंट मॉनिटरकडे बघतो आणि म्हणतो, "सर, इथे तर स्वच्छ दिसतंय." दोघंही खरंच बोलत असतात. रोबोटच्या स्कोपच्या, म्हणजे पोटात जाणाऱ्या कॅमेऱ्याच्या दुर्बिणीच्या, टोकाला दोन डोळे असतात. सर्जनला दोन्ही डोळ्यांचं मिळून खोली असलेलं चित्र दिसतं, तर टेबलाजवळच्या साध्या मॉनिटरवर त्यातल्या एकाच डोळ्याचं सपाट चित्र येतं. दुसऱ्या डोळ्यावर चरबीचा एक बारीक थेंब बसला, तर मॉनिटर स्वच्छच राहतो. सर्जनचं डोकं मात्र जड होतं आणि सुई कुठे टोचली जातेय याचा अंदाज चुकायला लागतो. म्हणून पहिला नियम फुकटचा आहे: मॉनिटरवर नाही, कन्सोलवर विश्वास ठेवायचा.

साधन कोणतं घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. पण त्याआधी काच कशाने खराब होतेय ते ओळखायला हवं, कारण धुकं आणि डाग हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

धुकं म्हणजे साधं दव. पोटाच्या आत ३७ अंशांच्या आसपास तापमान आणि जवळजवळ पूर्ण दमटपणा असतो, तर ओटी (ऑपरेशन थिएटर) असते वीसेक अंशांवर. बाहेर गार झालेली काच आत गेली की तिच्यावर वाफ बसते. एसीच्या खोलीतून दमट हवेत आल्यावर चष्म्याचं होतं तेच. धुकं स्कोप आत घातल्या घातल्या येतं, चित्रभर सारखं पसरतं आणि काच तापली की बऱ्याचदा आपोआप विरतं. डाग म्हणजे रक्त, चरबी, कॉटरीच्या (विजेने ऊतक जाळणाऱ्या हत्याराच्या) धुराचा थर किंवा इरिगेशनचा (आत धुवायला सोडलेल्या पाण्याचा) शिंतोडा. तो शस्त्रक्रियेच्या मध्येच येतो, एका जागी बसतो, उजेडाभोवती वलय पाडतो आणि वाट बघून जात नाही.

साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा धरणारा माणूस काच बाहेर काढतो, पुसतो आणि काही सेकंदांत परत आत जातो. रोबोटिक शस्त्रक्रियेत स्कोप रोबोटच्या हातावर चढवलेला असतो. तो सोडवायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा आणि आत नेऊन क्षितिज सरळ आहे ना ते बघायचं. तोवर सर्जन आंधळा. त्याची हत्यारं आत आहेत आणि कदाचित एका चिमट्यात रक्तवाहिनी धरलेली आहे. त्यामुळे "किती स्वच्छ पुसलं जातं" यापेक्षा "किती वेळा काढावं लागतं" हा खरा मोजमापाचा मुद्दा.

गरम पाण्याचा थर्मास

सगळ्यात जुना उपाय, आणि माझ्या मते अजूनही पाया हाच. निर्जंतुक गरम पाणी आणि त्यात स्कोपचं टोक बुडवायचं. हे चुकतं ते तीन ठिकाणी. पाणी उघड्या वाटीत ठेवलं, तर ते लवकर कोमट होतं आणि दुसऱ्या तासाला आपण काच गार पाण्यात बुडवत असतो. म्हणून वाटी नको, झाकणाचा निर्जंतुक थर्मासच हवा. दुसरं, सलाईन नको. ते वाळलं की काचेवर मिठाचे कण राहतात, धातूलाही त्याचं वावडं. निर्जंतुक साधं पाणीच घ्यावं. तिसरं, जास्त गरम म्हणजे जास्त चांगलं असं नाही. रक्तातली प्रथिनं साठ अंशांच्या पुढे गोठायला लागतात. कढत पाण्यात रक्ताळलेली काच बुडवली की डाग निघण्याऐवजी भाजून पक्का होतो. शिवाय आपल्या स्कोपच्या माहितीपुस्तिकेत पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा बघा. ती थर्मासवरच चिकटपट्टीने लिहून ठेवा.

अँटी-फॉग द्रव

हे द्रव साबणाच्या जातीचं असतं. ते वाफ बसणं थांबवत नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी करून वाफेचे थेंब न होता सपाट, पारदर्शक पापुद्रा होईल एवढंच करतं. स्वस्त, झटपट आणि धुक्यावर चांगलं. पण जरा जास्त लागलं की तोच पापुद्रा चित्र मऊ करतो. मग सर्जन पुन्हा "साफ करा" म्हणतात आणि आपण पुन्हा थोडं लावतो. स्पंजला टोक हलकेच टेकवायचं, मग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकदा टिपायचं. काचेवर रक्त असताना वरून अँटी-फॉग लावणं म्हणजे मळक्या कपड्यावर इस्त्री. आधी पाणी, मग पुसणं, मग हे.

विजेवरचे आणि बॅटरीवरचे वॉर्मर

क्लिअरिफायसारख्या एकदाच वापरायच्या साधनात टोक उबदार राहतं, आत अँटी-फॉगसारखं द्रवही असतं आणि पुसायला मऊ पॅड मिळतं. थर्मासशी तुलना केली तर फायदा एकच, पण मोठा: तापमान शेवटपर्यंत टिकतं. चार-पाच तासांच्या शस्त्रक्रियेत, जिथे थर्मास दोनदा बदलायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही, तिथे हे पैसे वसूल करतं. दीड तासाच्या कामात मला त्याची गरज वाटत नाही. घेण्याआधी आपल्या स्कोपच्या व्यासाला ते बसतं का, हे प्रत्यक्ष स्कोप घालून बघा. कॅटलॉगवर विसंबू नका.

दा विंची एक्सआय ही रोबोटिक यंत्रणा २०१४ साली आली. तिच्यासारख्या यंत्रात कॅमेऱ्याची चिप टोकाशीच असते आणि उजेडही तिथूनच येतो, त्यामुळे टोक स्वतःच तापतं. आत स्थिरावल्यावर अशा स्कोपवर धुक्याचा त्रास तुलनेने कमी. म्हणजे धुक्यासाठी महागडं काही घेण्याचं कारणही कमी. (तेच तापलेलं टोक ड्रेपवर, म्हणजे रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक आवरणावर, ठेवू नये, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं.)

स्कोप न काढता आतच साफ करणं

ऐकायला हाच उपाय सर्वांत आकर्षक. काचेवर कार्बन डायऑक्साइडचा झोत सोडणारी आवरणं साध्या दुर्बिणीसाठी मिळतात. पण ८ मिलिमीटरच्या रोबोटिक कॅन्युलात (पोटात बसवलेल्या नळीत) ८ मिलिमीटरचा स्कोप जातो, तिथे आणखी एका आवरणाला जागा कुठून आणायची? म्हणून रोबोटसाठी हा पर्याय बहुतेक वेळा कागदावरच राहतो. हाताशी असलेली युक्ती वेगळी आहे: असिस्टंट पोर्टमधून (असिस्टंटच्या हत्यारांसाठीच्या छिद्रातून) सक्शन-इरिगेशनची नळी आणून काचेवर पाण्याची हलकी पिचकारी मारायची आणि लगेच ओढून घ्यायचं. चरबीवर हे फारसं चालत नाही, ताज्या रक्तावर चालतं. आत गॉज नेऊन पुसणारेही आहेत. तसं करायचं असेल तर तो गॉज शेवटच्या मोजणीत धरलाच पाहिजे, म्हणजे तो आत राहून जाणार नाही.

धूर ओढणाऱ्या यंत्रणा, उदाहरणार्थ एअरसील, हवा स्वच्छ ठेवतात आणि त्यामुळे काचही उशिरा मळते. त्या घ्यायच्याच असतील तर धुरासाठी घ्या, काच हा वरचा फायदा. पोट फुगवण्यासाठी गरम, दमट केलेला वायू निव्वळ काचेसाठी घेऊ नये, असं माझं मत आहे.

ज्याला पैसे पडत नाहीत

पुन्हा पुन्हा काच मळण्यामागचा सगळ्यात मोठा गुन्हेगार कुठल्याच जाहिरातीत नसतो: कॅमेऱ्याच्या कॅन्युलाची आतली बाजू. स्कोप काढताना टोकाचं रक्त तिथे लागतं. बाहेर आपण काच लखलखीत करतो आणि आत जाताना त्याच नळीतून तेच रक्त पुन्हा फासून घेतो. स्कोप बाहेर असताना लांब काडीला गुंडाळलेल्या स्वॅबने कॅन्युला आतून पुसा. दोनदा, दुसऱ्यांदा कोरड्या स्वॅबने. वायूची नळीही कॅमेऱ्याच्या पोर्टला न जोडता दुसऱ्या पोर्टला जोडावी, म्हणजे गार वायू काचेला थेट भिडत नाही. सर्जनच्या हातात एक गोष्ट असते: कॉटरी चालवताना कॅमेरा जरा मागे घेणं. ही गोष्ट त्यांना कोणी सांगायची, हा प्रत्येक ओटीचा आपापला प्रश्न.

खरेदी ठरवायच्या आधी दहा शस्त्रक्रियांपुरता ओटीतल्या फळ्यावर तक्ता करा. दर वेळी स्कोप काढला की एक रेघ, 'धुकं' किंवा 'डाग' या रकान्यात. धुक्याच्या रेघा जास्त आणि शस्त्रक्रिया लांब असतील, तर वॉर्मर घ्या. धुकं आहे पण कामं छोटी आहेत, तर थर्मास आणि अँटी-फॉग पुरे. डागच जास्त असतील तर आधी कॅन्युला पुसायची सवय लावा आणि चांगली कापडं घ्या, मग पुन्हा मोजा. तिसरा रकानाही ठेवा: 'पुसूनही गेलं नाही'. तिथे रेघा दिसायला लागल्या तर ओल काचेच्या आत शिरली असण्याची शक्यता आहे. तो स्कोप बाजूला काढून दुरुस्तीला पाठवा.