नसेचं दुखणं: आयबुप्रोफेन की प्रीगाबालिन?

घोटा मुरगळला की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक झकास काम करतं. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, सूज येते, ठणका लागतो. ही गोळी ते बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवते. तास-दीड तासात फरक जाणवतो.

मधुमेहात रात्री तळपाय जळतात, अंगावरची चादरही टोचते, नागीण बरी होऊनही कातडीखाली करंट मारल्यासारखं होतं, तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे सूज नसते, नसच बिघडलेल्या घंटीसारखी विनाकारण वाजत असते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) अशा दुखण्यावर आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. तरी लोक महिनोन्‌महिने त्या घेतात, आणि पोटात अल्सर किंवा किडनीला इजा ओढवून घेतात. मला हा सौदा फार तोट्याचा वाटतो.

प्रीगाबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध नसेतल्या कॅल्शियमच्या वाटेवर बसून संदेशांचा गोंगाट कमी करतं. पण ते जादू नव्हे: गुण यायला दिवस-आठवडे लागतात, अनेकांना येतच नाही. गुंगी, चक्कर, पायांवर सूज, वजनवाढ होऊ शकते. गोळी एकदम बंदही करायची नसते.

सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी नसेची कळ, मात्र दोघांनाही दाद देत नाही. २०१७ च्या एका चाचणीत प्रीगाबालिन नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा फायदाही जेमतेमच.